जितीचा टाक

उमापूरजवळची वस्ती
१२ एप्रिल २०२६

वनमालाअक्कांस,

नावाच्या आधी काय लिहावं ते कळेना, म्हणून जागा कोरीच सोडली. दोन महिने मी मनातल्या मनात तुमच्या नावाला कैलासवासी लावत होते. काल कळलं की तुम्ही जिवंत आहात, चाकणला राहता आणि रोज कामाला जाता. आता सौभाग्यवती लिहावं, तर तुमचं सौभाग्य माझ्या घरात घोरत पडलंय. तेव्हा तुम्हीच ठरवा आणि कळवा.

मी बबिता, दिंद्रुडच्या गहिनीनाथांची मुलगी. फेब्रुवारीत माझं लग्न सुग्रीवशी झालं, म्हणजे तुमच्या नवऱ्याशी. माझ्या वडिलांना सांगितलं होतं की पहिली बायको तापानं गेली, मागे सात वर्षांची मुलगी आहे. माझा डावा गाल लहानपणी भाजलेला. त्यामुळे इतकी वर्षं मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता कुणी विचारलं म्हटल्यावर वडिलांनी फार चौकशी केली नाही. केली असती तरी बहुतेक दिलंच असतं, पण ते असो.

लग्नात मंगळसूत्राच्या आधी सासूबाईंनी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला टाक बांधला. छबुबाई कशा आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. सवतीचा टाक आमच्याकडेही घालतात. पहिली गेली की तिची आकृती चांदीत करून घ्यायची आणि दुसरीनं ती गळ्यात घालायची. नवं लुगडं आधी तिला लावायचं, पहिला घास तिला दाखवायचा, म्हणजे ती दुसरीला सुखानं नांदू देते. मी सगळं केलं, आणि मनापासून केलं. मला वाटायचं, बिचारी तरणीताठी गेली, लेकरू मागे राहिलं, तिचा जीव इथंच घुटमळत असणार. रोज तुम्हाला भाकर दाखवून मी जेवत होते आणि तुम्ही तिकडे चांगल्या जेवत होता. हसू नका. मला काल हसूच आलं होतं, मग रडू आलं.

लग्न झाल्या झाल्या आम्ही मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलो होतो, ऊस तुटलेल्या रानात मेंढ्या बसवायला. तिथं बोलायला कुणी नाही. यात्रेसाठी परत आलो तेव्हा मी पहिल्यांदा गाव नीट पाहिलं. काल हौदावर मेंढरं पाजत होते. तुम्ही ग्रामसभेत भांडून बांधून घेतलेला तो हौद, हेही मला कालच कळलं. बायनाबाई घागर भरायला आल्या आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिल्या.

"पोरी, जितीचा टाक गळ्यात घालून हिंडतीस. तुला भ्या न्हाई वाटत?"

मी म्हणाले, "जितीचा म्हंजी?"

"वनमाला मेली कुठंय? दिवाळीच्या मागं घर सोडून गेलती ती. तिच्या माहेरच्यांनी बी दार लावलं, मंग गेली पुन्याकडं."

"मंग मला कुनी काहून न्हाई सांगितलं?"

"तू कुनाला इचारलं?" असं म्हणून त्या घागर उचलून चालायला लागल्या.

तशीच मी मनिषाकडे गेले. आशाताई म्हणून ती घरोघर फिरते, तेव्हा तिला सगळं माहीत असणार हे मला आधीच सुचायला हवं होतं. टाक काढून तिच्या हातात दिला, तेव्हा तिनं तो उलटा करून मागची बाजू बघितली. म्हणाली, हे तर वनमालाचं नाणं.

अक्का, तुम्हाला हे माहीत नसेल म्हणून सांगते. अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीला सरकारनं काढलेलं ते तीनशे रुपयांचं चांदीचं नाणं, जे हौदाचं काम केलं म्हणून पुढारी बिभीषण अण्णांनी दसऱ्याला सगळ्या गावासमोर तुम्हाला दिलं, त्याचाच हा टाक आहे. सोनार म्हणाला होता की यात तांबंबिंबं मिसळलेलं आहे, टाकाला शुद्ध चांदी घ्या. आपल्या सासूबाई म्हणाल्या, तिचंच नाणं, तिचाच टाक, घरची चांदी तिच्यावर घालायची नाही. मग त्यानं सिंहाची बाजू घासून गुळगुळीत केली आणि तिथं एक बाई कोरली. दोन टिंबांचे डोळे, दोन्ही हात खाली सोडलेले. मागच्या बाजूला देवी तशाच राहिल्या आहेत. इतका जड टाक मी कुणाच्या गळ्यात पाहिला नाही. घामानं छातीवर काळा डाग पडलाय, तो घासला तरी जात नाही.

तुम्ही का गेलात हे मी विचारत नाही. मालकांचा हात कसा चालतो ते मलाही आता ठाऊक आहे. लोक म्हणतात कुणाबरोबर तरी गेली. गेला असलात तरी माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही जिवंत आहात हे तुमच्या लेकीला, संस्कृतीला कळलं पाहिजे. ते मी सांगून उपयोगाचं नाही, तुम्ही दिसायला हव्यात. एकदा या. मनिषा तुमचा पत्ता मला देत नाही, पण पत्र टाकते म्हणाली आहे.

बबिता


उमापूरजवळची वस्ती
१० मे २०२६

वनमालाअक्का,

उत्तर आलं नाही. मी मनिषाला चारदा विचारलं, शेवटी ती चिडली. पत्र पोचलं असणार असं मी धरून चालले आहे, कारण तसं नाही धरलं तर मी भिंतीशी बोलतेय असं होईल.

संस्कृतीबद्दल लिहिते. दुसरं लिहिण्यासारखं इथं काय आहे?

ती मला मावशी म्हणते. पहिले काही दिवस तेही म्हणत नव्हती, "ये" म्हणायची. आता उठली की तोंड धुवायच्या आधी माझ्यापाशी येते, माझ्या गळ्यातला टाक मुठीत धरते आणि तुम्हाला सगळं सांगते. शेळीला काय झालं, कुणी तिची पेन्सिल घेतली, आजी काय म्हणाली. तेवढा वेळ मला हलता येत नाही. भाकरी करपली तरी चालते, पण तिचं सांगणं संपेपर्यंत मी उभी राहते. एकदा मी मध्येच "हं" म्हणाले, तर म्हणे, "तू न्हाई बोलायचं. मी आईला सांगाय लागले."

मागच्या बाजूचा चेहराही तिनंच शोधला. बोटानं चाचपून म्हणाली, हितं आणखी एक बाई हाय. मी सांगितलं की त्या अहिल्यादेवी, आपल्या राणी, त्यांनी गावोगावी विहिरी बांधल्या. ती जरा विचार करून म्हणाली, "मंग आई राणीच्या घरी गेली असंल. ती बी पान्याचंच काम करायची." तेव्हापासून ती आधी राणीला नमस्कार करते, मग पलटी करून तुम्हाला.

परवा मी धीर केला. तिची वेणी घालत होते. म्हणाले, संस्कृती, तुझी आई मेली नसंल तर? कुठं दूरच्या गावाला कामाला गेली असंल तर?

तिनं वेणी माझ्या हातातून ओढून घेतली. वस्तीवरचा सटवाचा पोरगा शाळेत तिला असंच काहीतरी म्हणाला होता, तुझी आई पळून गेली म्हणून. त्याच्या कपाळावर तिनं पाटी हाणली होती. मला मारलं नाही. नुसतं इतकंच म्हणाली,

"मेलीय ती. जिती असती तर मला घिऊन गेली नसती का?"

सांगा अक्का, यावर मी काय बोलू? तुमच्याकडे याचं उत्तर असेल. असायलाच हवं. मी तेव्हापासून तेच उत्तर शोधतेय आणि मला सापडत नाही. तुम्हाला नेऊ दिलं नाही, हे मला मनिषाकडून कळलं. मालकांनी पोरीला दोन दिवस तलवाड्याला पाठवून दिलं होतं आणि तेवढ्यात तुम्हाला बाहेर काढलं. पण सात वर्षांच्या पोरीला हे सांगायचं म्हणजे तिच्या बापाचं नाव घ्यायचं. मग ती त्याच बापाच्या घरात कशी राहील?

म्हणून तुम्ही या. एकतीस मेला जयंती आहे. हौदापाशी मंडप पडणार, अण्णा येणार, चार गावची माणसं असणार. एवढ्या माणसांत तुमच्या अंगाला कुणी हात लावणार नाही. घरी यायची गरज नाही. पोरीला दिसा, तिच्या तोंडावरून हात फिरवा आणि हवं तर लगेच परत जा. तुम्ही नेलंत तर मी अडवणार नाही, उलट तिची पिशवी भरून ठेवते. तिचा निळा फ्रॉक तिला आखूड झालाय, तो नाही घालत.

अण्णांनी निरोप धाडलाय की गेल्या सालचं नाणं देवींच्या फोटोसमोर ठेवायचं आहे. सासूबाई त्या दिवसापासून गप्प आहेत. त्या गप्प बसलेल्या तुम्ही कधी पाहिल्या आहेत का?

वाट बघते.

बबिता


३ जून २०२६

अक्का,

अक्षर वाकडं येतंय, चालवून घ्या. उजव्या हाताला जरा लागलंय. हौदापाशी घसरले.

तुम्ही आला नाहीत.

मी सकाळपासून प्रत्येक टमटमकडे बघत होते. एक बाई तुमच्या वयाची उतरली, चेहऱ्यावर पदर घेतलेला, मी धावत पुढे गेले. ती कुणाची तरी पाहुणी निघाली. मी तुम्हाला पाहिलेलंही नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मला तुमचे दोन टिंबांचे डोळे तेवढे माहीत आहेत.

संस्कृतीला मी देवी केलं होतं. वस्तीवरच्या तीन पोरी देवी झाल्या होत्या, पण आपली उठून दिसत होती. पांढरं पातळ, डोक्यावरून पदर, तळहातावर देव्हाऱ्यातली पितळी पिंड. पिंड पडेल म्हणून ती हात अजिबात हलवत नव्हती. सगळे म्हणाले, आगदी देवी दिसतीय. तुम्ही बघायला हवं होतं. तुमच्यासाठीच सजवली होती.

अण्णांचं भाषण झालं आणि मग ते म्हणाले, "गेल्या वर्षी आपन जे नाणं दिलं, ते आज देवीपुढं ठिवू. सुग्रीव, आन की बे."

मालक खाली बघत बसले. सासूबाई उठल्या. "कुठलं नाणं आन्ना? ती अवदसा जाताना घिऊन गेली. घरादाराचं नाक कापलं आन देवीचं नाणं बी पळवलं."

बायका चुकचुकल्या. संस्कृती पहिल्या रांगेत उभी होती. ती ऐकत होती. अक्का, तुम्ही आला असतात तर मला बोलायची वेळ आली नसती. मी तोंड उघडलं ते तुमच्यासाठी की माझ्यासाठी, ते अजून मला कळत नाही. पण आईला चोर म्हणताना पोर पिंड धरून उभी होती, ते मला सहन झालं नाही.

मी उठले आणि टाक पदराबाहेर काढून उलटा धरला. "आन्ना, नाणं हितं हाय."

अण्णा खाली उतरले. चष्मा लावून देवींचा चेहरा बघितला, मग टाक पालथा करून तुम्हाला बघितलं. "आन ही कोण?"

"वनमालाअक्का," मी म्हणाले. "पर त्या जित्या हायत. तुमी सगळ्यांनी त्यांना बघितलंय, दसऱ्याला समद्यांसमोर त्यांचं नाव पुकारलंय. कुनीतरी बोला."

बायनाबाईंनी तोंडाला पदर लावला. मनिषा नेमकी लसीकरणाला दुसऱ्या गावी गेली होती. सगळी माणसं आपापल्या पायांकडे बघत होती.

मग संस्कृती बोलली. हात तसाच पुढे, पिंड तशीच.

"मावशी खोटं बोलतीय. माझी आई मेलीय."

अक्का, तेवढ्यानं सगळा मंडप सैल झाला. कुणीतरी हसलंसुद्धा. अण्णांना इलेक्शन जवळ आलंय, त्यांना कुणाच्याच घरातलं भांडण परवडत नाही. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "लेकरू सोता सांगतंय, झालं मंग. पर देवीचं नाणं हाय हे. गळ्यात घालून घामानं बाटवू नका. देव्हाऱ्यात बसवा, म्हंजी देवीची बी पूजा व्हईल आन तिची बी. हा इषय हितंच मिटला."

विषय मिटला. त्याच दिवशी टाकाला दूध-दह्यानं धुतलं, भंडारा लावला आणि खंडोबाच्या शेजारी बसवला. तुमची बाजू वर, देवींची खाली. गळ्यातला टाक कधीतरी काढता आला असता. देव्हाऱ्यात बसवलेला टाक खाली उतरवत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. मी तुम्हाला जिवंत करायला उठले होते आणि कायमचं मारून खाली बसले.

संस्कृती माझ्याशी बोलत नाही. पुन्हा "ये" म्हणते. सकाळी आता देव्हाऱ्यापुढे बसते आणि तुम्हाला सांगते. माझी मान मोकळी झालीय, पण मला ते बरं वाटत नाही.

बबिता


१९ ऑगस्ट २०२६

अक्का,

काल मनिषा चाकणहून आली. तिनं सांगितलं ते ऐकल्यापासून मी तुमच्यावर इतकी चिडले आहे की हे पत्र फाडून पुन्हा लिहितेय.

तुम्ही माझी तिन्ही पत्रं वाचलीत. पोत्याखाली जपून ठेवलीत. कॅन्टीनच्या मागच्या दाराशी बसून तुम्ही मनिषाला त्यातलं एकेक वाक्य पाठ म्हणून दाखवलंत. मग एक ओळ तरी लिहायची होती. एक ओळ. "पत्र मिळालं" एवढं. चार महिने मी भिंतीशी बोलतेय म्हणून झुरत होते.

तुम्ही दिलेला निरोप तिनं मला जसाच्या तसा सांगितला, तुमच्या आवाजात सांगायचा प्रयत्न केला. "बबिताला म्हनावं, मला मेलेलीच राहू दे. मी येऊन तिला तोंड दाखवीन, आन मंग? खोलीत आमी सहा बाया, दोघी कामाला गेल्या की दोघी त्याच जागी झोपत्यात. तिथं पोर कुठं ठिवू? कोर्टात जायाला मला कोन हाय? परत फिरावंच लागंल. म्हंजी पोरीची आई दुसऱ्यांदा जाईल, आन ह्या बारीला सोताच्या पायानं. एकदा मेलेली आई लेकरू सोसतं. टाकून गेलेली न्हाई सोसत."

मी मनिषाला म्हणाले, हे सगळे बहाणे आहेत. मी म्हणाले, मी असते तर पायी आले असते. आई आहे का कोण आहे? असं पुष्कळ बोलले. मनिषानं बोलू दिलं. मग म्हणाली, "तू असतीस तर म्हनतीस. तुला आता दिवस गेलेत, दोन वर्सांनी सांग मला."

हो, मला दिवस गेलेत. चौथा महिना लागलाय. तुम्हाला हे दुसऱ्याकडून कळावं असं नव्हतं, पण मनिषानं तुम्हाला सांगितलंच असेल. सासूबाई एकदम गोड झाल्यात. म्हणतात, सवतीला नीट जेवू घातलं पाहिजे, पोटातल्याला दृष्ट नको तिची. येत्या अविधवा नवमीला घालणार आहेत तुम्हाला जेवण. मला आता रात्रंदिवस एकच वाटतं, मुलगी झाली आणि माझा गाल पुन्हा यांच्या डोळ्यात खुपायला लागला, तर माझा टाक कशाचा करतील? मला कुणी नाणंबिणं दिलेलं नाही.

तुम्ही आणखी एक बोललात. हौदापाशी घसरले हे माझं वाक्य वाचून तुम्ही मान हलवलीत. मनिषाला म्हणालात, "तिथं घसराय जागाच न्हाई. मेंढरं पडू न्हाईत म्हनून मी समद्या बाजूनं खरबरीत कोबा करून घेतलाय. तिला म्हनावं, मार बसला की उजवा हात पुढं करू नको. डावा कर." ते ऐकून माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. मी मनिषाच्या ओट्यावर बसून खूप रडले. मला माझ्या आईनंसुद्धा असं काही सांगितलं नव्हतं.

आणि जाताना तुम्ही तिला पुन्हा हाक मारलीत. संस्कृतीच्या डाव्या कानातून मधून मधून पू येतो, सासूबाई त्यात कोमट तेल घालतात, ते घालू देऊ नका, डॉक्टरांनी नको सांगितलंय. एवढंच. तिची उंची किती झाली, ती तुमची आठवण काढते का, काही विचारलं नाहीत. फक्त कान.

मला कळलं, अक्का. मला कळायला नको होतं, पण कळलं. तुम्ही येणार नाही.

बबिता


६ ऑक्टोबर २०२६

कै. वनमालाअक्कांस,

रागावू नका. पाकिटावर मनिषा सौभाग्यवतीच लिहील, पोस्टमनला काही कळायचं नाही. पण आत हेच लिहिणं आता बरोबर आहे. पहिल्या पत्रात तुम्हाला विचारलं होतं, आता विचारायचं कारण राहिलं नाही.

अविधवा नवमी झाली. तुम्हाला जेवण घातलं.

सासूबाईंनी हात आखडला नाही, हे कबूल करते. पुरणपोळी, कढी, भजी, गवारीची भाजी. तुमच्या नावानं बायनाबाईंना सवाष्ण म्हणून बोलावलं. त्या आल्या, जेवल्या, खणानारळाची ओटी घेतली आणि माझ्याकडे एकदाही न बघता गेल्या. मी वाढत होते. देव्हाऱ्यातल्या टाकाला नवी साडी टेकवली, मग ती मला नेसवली. हिरवी आहे. मालकांनी आणली.

कावळ्याचा घास ठेवायला मी गच्चीवर गेले. संस्कृती मागोमाग आली. सध्या ती माझ्याशी थोडं बोलते. पोटाला हात लावून बघते, बाळ आयकतंय का म्हणून विचारते.

अक्का, आता तुम्हाला खरं सांगते. मी सकाळपासून एकाच गोष्टीवर जीव लावून बसले होते. माणसं खोटं बोलतात, गाव खोटं बोलतं, लेकरूही बोललं. पण कावळ्याला कुणी पढवत नाही. जिवंत बाईच्या नावाचा घास तो शिवणार नाही, असं मला वाटत होतं. खाली सगळे खोळंबतील, सासूबाई घाबरतील, दर्भाचा कावळा करायची वेळ येईल, आणि मग कुणीतरी तोंड उघडेल. मी हात जोडून मनात म्हणत होते, येऊ नकोस बाबा, एवढं कर.

पान ठेवून मी चार पावलं मागे सरले असेन नसेन, तेवढ्यात कावळा आला. एकच. सरळ पानावर उतरला. आधी पुरणपोळीचा तुकडा घेतला, मग भातात चोच घातली. खालून सासूबाईंनी विचारलं, "शिवला का?" संस्कृतीनंच ओरडून सांगितलं, "शिवला."

"बघ," सासूबाई खाली कुणाला तरी म्हणाल्या, "कुठंच काय अडलं न्हाई तिचं."

पोर माझा पदर धरून उभी होती. मी तिच्याकडे बघायला भीत होते. पण ती रडत नव्हती. तुम्ही गेल्यापासून तिचा चेहरा कसा दिसतो हे मी तुम्हाला कधी लिहिलं नाही, कारण लिहवलं नाही. त्या चेहऱ्यावरचं ते सगळं गेलं होतं. ती हसत होती, अक्का. मी तिला इतकं मोकळं हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"मावशी, लगीच आली की गं," ती म्हणाली. "तिला भूक लागलती."

मग ती धावत खाली गेली आणि स्वतःच्या ताटातली अर्धी पोळी घेऊन आली. तोवर कावळा उडाला होता. ती म्हणाली, आसू दे, पुढच्या वर्सी देऊ. "पुढच्या वर्सी येईल ना?"

मी म्हणाले, "येईल."

"दर वर्सी?"

"दर वर्सी."

मी तिला आजवर जे जे खरं सांगायला गेले, त्यातल्या कशानंच तिला एवढं बरं वाटलं नव्हतं. तुम्ही चाकणला बसून जे म्हणालात ते बरोबर निघालं, आणि मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही की ते बरोबर निघालं. यापुढे मी पत्र लिहिणार नाही. मेलेल्या माणसाला लिहीत नाहीत. तुम्हाला काही सांगायचं झालं तर संस्कृती सकाळी देव्हाऱ्यापुढे सांगतेच, तुम्हाला ऐकू येत नसलं तरी.

घास मी रोज काढीन. आता मनापासून काढते, लग्नानंतर काढत होते तसाच.

तिचा कान बरा आहे. तेल घालू देत नाही.

बबिता